चोविसाव्या हिश्श्याची फियाट

विदर्भातल्या पोराच्या हाती आयुष्यातलं पहिलं मॉडेल येतं ते लाकडी नंदीचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. चाकं लावलेले नंदी ओढत मुलं घरोघर बोजारा मागतात आणि संध्याकाळी कुणाचा नंदी सरस यावर खल होतो. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली असं मानतात. या स्पर्धांत बघणाऱ्यांचे दोन पंथ पडतात. एकाला झूल, बाशिंग, घुंगरांचा थाट भावतो. दुसरा नंदीच्या वशिंडाची आणि पायांची ठेवण बघतो.

जुन्या मोटारीचं प्लास्टिक किट जुळवणं आणि ते सुधारणं, या छंदात जगभर जे वाद चालतात ते शेवटी याच दोन पंथांचे आहेत. किटमध्ये इंजिनाच्या तारा घाला, पितळी जाळी बसवा, सीटला शिलाई दाखवा, असं सांगणारे बरेच. छप्पर दीड मिलिमीटर उंच झालंय, ते आधी खाली आणा, असं सांगणारे थोडे. मी दुसऱ्यांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

हा आढावा आंधळगाव डोळ्यांपुढे ठेवून घेतला आहे. मोहाडी तालुक्यातलं हे गाव कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडासाठी ओळखलं जातं. जिल्ह्याचं ठिकाण भंडारा, म्हणजे पितळनगरी. त्याच जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात गिअरबॉक्स बनतात. धागा, धातू आणि मोटार या तिन्हींशी या मुलखाचा संबंध आहे. नाही ते फक्त हॉबीचं दुकान. या विषयावरचं बहुतेक लेखन असं दुकान कोपऱ्यावर आहे असं गृहीत धरून चालतं आणि जपानी रंगांचे क्रमांक सांगत सुटतं. तो आधार काढून घेतला की छंदात नेमकं काय उरतं, हे आंधळगावातून जास्त स्पष्ट दिसतं.

प्लास्टिकच्या किटचा इतिहास विमानांपासून सुरू होतो. १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ नावाने विमानांचे किट निघाले. १९३९ मध्ये निकोलस कोव्ह यांनी काढलेली एअरफिक्स कंपनी मुळात हवा भरायची रबरी खेळणी करत असे. तिचं पहिलं जुळवायचं मॉडेल फर्ग्युसन ट्रॅक्टरचं, तेही ट्रॅक्टर विकणाऱ्यांच्या हाती द्यायला. मोटारींच्या किटना खरी गती दिली अमेरिकेने. तिथे नव्या गाड्यांची छोटी प्लास्टिक मॉडेल शोरूममध्ये ठेवत. ती बनवणाऱ्या एएमटी कंपनीने १९५८ मध्ये तोच माल सुट्या भागांत विकायला काढला. एका डब्यातून कारखान्यातून निघालेली, हौसेने बदललेली किंवा शर्यतीची, यांपैकी हवी ती गाडी करता येई. अमेरिकन किट बरेचदा १:२५ असतात, तर जपानी १:२४. चोवीसचा हिशेब फूट-इंचांतून आला, अर्धा इंच म्हणजे एक फूट. इटलीच्या पोचर कंपनीने १:८ मापात रोल्स-रॉइस आणि आल्फा रोमिओ काढल्या, त्यांतल्या काहींच्या डब्यात दोन हजारांहून जास्त भाग असत. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामियाने मात्र वेगळीच शिस्त आणली. भाग एकमेकांत न घासता बसला पाहिजे आणि कागदावरचं चित्र पाहून भाषा न कळणाऱ्यालाही जुळवता आलं पाहिजे.

किट घेताना या इतिहासाचा उपयोग होतो, म्हणून तो सांगितला. साचा बनवणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च, त्यामुळे एकदा बनलेला साचा पन्नास-साठ वर्षं चालवतात. कंपन्या बदलतात, साचे राहतात. रेव्हेल आणि मोनोग्राम १९८६ मध्ये एका छताखाली आल्या, एअरफिक्स २००६ पासून हॉर्नबीकडे आहे. जुना साचा नव्या डब्यात, नव्या चित्रासह पुन्हा बाजारात येतो. डब्यावर छापलेलं वर्ष त्या छपाईचं असतं, साच्याचं नव्हे. झिजलेल्या साच्यातल्या भागांच्या कडांना पापुद्रे सुटतात, दोन अर्धुकं नीट भिडत नाहीत. ज्याला सुधारणेची हौस आहे त्याला हा माल गोड लागतो. ज्याने पहिल्यांदाच डबा उघडला त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पैशांचं गणितही इथेच उरकू. परदेशी किट जकातीच्या दृष्टीने खेळणी आणि लहान प्रमाणातली मॉडेल या एकाच शीर्षकाखाली मोडतात. त्यावरची मूळ जकात फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० झाली. देशी खेळणी-धंद्याला आधार देणं हा हेतू समजण्यासारखा आहे. पण मोटारींच्या प्लास्टिक किटचा देशी धंदा नावापुरताही उभा नाही, त्यामुळे इथे जकात कुणाचं रक्षण करते हा प्रश्न उरतोच. परिणाम एवढाच की किट मोजके घ्यायचे आणि एका किटवर खूप काम करायचं. माझ्या मते हे वाईट नाही. डबे साठवून ठेवण्याचा रोग श्रीमंत देशांतल्या छंदवाल्यांना फार जडलेला आहे.

आता काम. फोक्सवॅगन बीटल १३०० चं तामियाचं १:२४ किट उदाहरणाला घेऊ, कारण हिशेब सोपा आहे. खऱ्या बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २,४०० मिलिमीटर. चोविसाने भागलं की बरोबर १०० येतात. शाळेच्या पट्टीनेही तपासता येईल. व्हीलबेस आधी तपासायचा तो यासाठी की बाकी सगळ्या चुका त्याच्या आधाराने कळतात. तो बरोबर आणि गाडी तरी बेढब दिसत असेल, तर दोष छपरात, काचेच्या कलात किंवा गाडी जमिनीपासून किती उंच उभी आहे त्यात असतो. बहुतेक वेळा तो शेवटच्यात असतो. किटमधल्या गाड्या जरा जास्त उंच उभ्या राहतात. ॲक्सल एक मिलिमीटर वर घेतला की खऱ्या मापात २४ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि गाडी एकदम जमिनीला चिकटते. एवढी एक सुधारणा इंजिनातल्या वीस तारांपेक्षा मोलाची आहे.

त्यानंतर जाडी. मोटारीचा पत्रा मिलिमीटरभराच्या आतबाहेर असतो. चोविसाव्या हिश्श्यात तो ०.०४ मिलिमीटर, वहीच्या कागदाहून पातळ. किटच्या बॉडीचं प्लास्टिक मिलिमीटर ते दीड मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्या मापात इंचभर जाडीचा पत्रा. सगळी बॉडी पातळ करणं अशक्य आहे आणि गरजेचंही नाही. डोळा फक्त कडा बघतो. मडगार्डची कड, खिडकीची चौकट, चाकावरची कमान, एवढ्या जागा आतल्या बाजूने ब्लेडने तिरक्या खरवडून निमुळत्या केल्या की पूर्ण गाडी पत्र्याची वाटायला लागते. दारांच्या फटींचंही तसंच. खरी फट चार मिलिमीटर धरली तर मॉडेलवर ती ०.१७ मिलिमीटर हवी, आणि रंगाचे थर तिला बुजवून टाकतात. म्हणून रंगाआधी सुईने किंवा ब्लेडच्या पाठीने फट खोल करायची, रुंद नाही.

रंग हा या छंदातला सगळ्यात जास्त लिहिला गेलेला आणि विदर्भाच्या हवेला सगळ्यात कमी लागू पडणारा भाग आहे. पुस्तकं सांगतात त्या तापमानाचे दिवस इथे हिवाळ्यात मिळतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा रंगाचा फवारा बॉडीपर्यंत पोचेपर्यंतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात लॅकरमधलं थिनर उडताना बॉडी गार होते, हवेतली वाफ तिच्यावर बसते आणि काळा रंग दुधाळ पडतो. उन्हाळ्यात पहाटे, पावसाळ्यात शक्यतो नाहीच, आणि दिवाळी ते होळी मनसोक्त, असं या मुलखाचं रंगाचं पंचांग आहे. मे महिन्यात बंद मोटारीत मॉडेल ठेवून लग्नाला जाऊ नका. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या जवळपास मऊ पडतं, पण ताण असलेले पातळ भाग त्याच्या आधीच वाकतात.

दुकान नाही म्हणून रंग नाही, असंही नाही. तालुक्याच्या ठिकाणी डेंटिंग-पेंटिंगवाला असतोच. त्याच्याकडचा रंग खऱ्या मोटारीचाच, छटा मागाल ती करून देतो आणि मॉडेलला लागतो घोटभर. अडचण त्याच्या थिनरची आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकरचं थिनर उघड्या पॉलिस्टायरीनला खातं, पृष्ठभागावर भेगांचं जाळं उठतं. आधी प्लास्टिकला चालणारा प्रायमर, मग रंगाचे अगदी पातळ, जवळजवळ कोरडे पहिले थर, ते वाळल्यावर ओला थर, या क्रमाने गेलं तर काम होतं. आधी किटच्या चौकटीच्या तुकड्यावर आजमावून बघा, बॉडीवर नाही. इन्सुलिनची सिरिंज रंग आणि थिनर मोजायला उत्तम, एअरब्रशला बंद पडलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर पुरतो. मात्र हे काम बंद खोलीत करू नका आणि रंगाच्या फवाऱ्याला कापडी मास्क पुरत नाही, हेही ध्यानात असू द्या.

चमकीचं काय? नव्या मोटारीवरच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० मायक्रॉन भरतात. चोविसाव्या हिश्श्यात ते चार-पाच मायक्रॉन व्हायला हवेत. मॉडेलवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून थर त्याच्या कितीतरी पट जाड होतो, म्हणूनच मॉडेल बरेचदा पाकात बुडवल्यासारखं दिसतं. क्लिअर कोट घासून उतरवणं आणि मग पॉलिश करणं, हे कंटाळवाणं काम केल्याशिवाय गाडी मापात येत नाही. दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, साबणाचं पाणी, कडांवर अजिबात जोर नाही. कडेला रंग सर्वांत पातळ असतो आणि तिथूनच प्रायमर डोकं वर काढतो.

किटमधले क्रोमचे भाग म्हणजे प्लास्टिकवर निर्वात पेटीत चढवलेला ॲल्युमिनियमचा पापुद्रा. तो आरशासारखा चमकतो, आणि जोडाच्या रेषा त्यात दुप्पट उठून दिसतात. कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये तो काही वेळात निघून जातो. मग रेषा घासून, काळा चकचकीत रंग देऊन, वर क्रोमचा पातळ फवारा मारता येतो. बारीक पट्ट्यांना चिकट धातूची वर्खी उत्तम. काचा बसवायला सुपर ग्लू, म्हणजे आपलं फेविक्विक, वापरायचं नाही. त्याच्या वाफेने काचेवर पांढरं धुकं बसतं. साधं फेविकॉल पुरतं आणि सुकल्यावर पारदर्शक होतं. काही किटमध्ये मऊ व्हिनाइलचे टायर असतात. त्यांच्यातला तेलकट अंश वर्षं-दोन वर्षांत प्लास्टिकच्या रिमला वितळवतो. आत धातूची वर्खी किंवा रंगाचा जाड थर दिला की हा त्रास टळतो.

थाटाच्या बाबतीत आंधळगाव शहरावर मात करू शकतं. स्पार्क प्लगची वायर खऱ्या गाडीत सात-आठ मिलिमीटर जाड, मॉडेलवर ०.३ मिलिमीटर. शेतीपंपाची मोटर रिवाइंड करणाऱ्याच्या दुकानात त्या जाडीची तांब्याची तार फुकट मिळते, आणि वळवलेला आकार ती धरून ठेवते. ब्रेकच्या नळीला त्याहून बारीक तार तिथेच. सुती दोऱ्याला लव असते, ती चोवीस पट मोठी होऊन केसाळ सुरवंटासारखी दिसते. कोशाचा रीळ केलेला धागा गुळगुळीत असतो, रंग धरतो आणि वायरचा किंवा सीटच्या कडेच्या गोटाचा आभास चांगला देतो. घिच्चाचा धागा मात्र नको, त्याला गाठी असतात. आणि कोशाचं कापड सीटवर चिकटवण्याचा मोह तर मुळीच नको. कापडातल्या दोन धाग्यांत अर्धा मिलिमीटर अंतर असलं तरी चोविसाच्या पटीत ते १२ मिलिमीटर होतं, आणि फियाटच्या सीटवर पोतं अंथरल्यागत दिसतं. खरी वस्तू वापरली म्हणून मॉडेल खरं होत नाही. पितळाचंही तेच. भंडाऱ्याचा भांड्यांचा पत्रा जाळीसाठी फार जाड पडतो. परदेशी पितळी जाळ्या दशांश एक-दोन मिलिमीटर पत्र्यावर आम्लाने कोरून काढतात. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलं सर्किट बोर्ड करायला वापरतात त्या फेरिक क्लोराइडने हे घरीही जमतं, पण पत्रा पातळ हवा आणि डाग कायमचे पडतात.

सुधारणा कुठे थांबवायची, हा जुना वाद. एका टोकाला डब्यात आहे तेवढंच वापरून निर्दोष जुळणी करणारे. स्पर्धांमध्ये त्यांच्यासाठी बरेचदा वेगळा गटही असतो. दुसऱ्या टोकाला किटमधून फक्त बॉडी घेऊन बाकी सगळं स्वतः घडवणारे. मधे बहुसंख्य, जे बाजारातले सुधारणेचे संच विकत घेऊन चिकटवतात. मला हा मधला गट सगळ्यात कंटाळवाणा वाटतो. तयार संच आणून लावण्यात कौशल्य असतं, निर्णय फारसा नसतो. डब्यातलंच वापरणाऱ्याला प्रत्येक जोड पारखावा लागतो, स्वतः घडवणाऱ्याला खऱ्या गाडीजवळ टेप घेऊन जावं लागतं. आणखी एक गोष्ट. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात दिसणाऱ्या गाड्या कारखान्यातून निघाल्या होत्या त्याहून जास्त चकचकीत असतात. त्यांचे फोटो समोर ठेवून मॉडेल केलं, तर मालकाच्या हौसेची नक्कल होते. ज्याला १९६० सालची गाडी हवी आहे त्याने १९६० च्या आसपासचे फोटो शोधावेत, भले ते काळे-पांढरे असोत.

इथपर्यंतचं सगळं बीटल, मिनी, जग्वार अशा गाड्यांना लागू आहे, कारण त्यांचे किट मिळतात. पण आपल्या अंगणातल्या गाड्या वेगळ्या. या आढाव्याचा खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्यात बनवलेली फियाट ही महाराष्ट्राची गाडी. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, गोल पाठीची जुनी ११०० आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली जाते. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रेसिडेंट, मग पद्मिनी झालं, आणि नव्या शतकाच्या तोंडाशी उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली, वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ ला तीही उतरली. पन्नासेक वर्षं जी गाडी डॉक्टर, वकील, टॅक्सीवाले, नटनट्या सगळ्यांनी चालवली, तिचं १:२४ चं प्लास्टिक किट मोठ्या कंपन्यांच्या यादीत सापडत नाही. ॲम्बेसेडरचंही नाही, जी १९५० च्या दशकाच्या शेवटापासून २०१४ पर्यंत बनत होती. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी १९४९ पासून पुढे स्वतः घडवलेल्या ‘मीरा’ या छोट्या गाडीची तर गोष्टच सोडा.

आपल्याकडे खेळण्यातल्या मोटारी बनल्या नाहीत असं नाही. कलकत्त्याच्या अटॅमको कंपनीने इंग्लंडच्या डिंकी टॉईजचे जुने साचे आणून ‘निकी टॉईज’ काढली, ती आज संग्राहक शोधत फिरतात. पण साचे तिकडचे, म्हणून गाड्याही बहुतांशी तिकडच्याच. पुढे सेंटी टॉईजने मागे ओढून सोडायच्या प्लास्टिक गाड्यांत ॲम्बेसेडर आणि ऑटोरिक्षा आणल्या. जत्रेतही मिळणाऱ्या या खेळण्यांना हसण्याचं कारण नाही. आतली स्प्रिंगची मोटर काढून टाकली, जाडजूड चाकं बदलून गाडी खाली बसवली, आरपार काचा आणि सीट घातल्या, की त्यातून बरंच काही निघतं. फक्त माप आधी ठरवा. त्या खेळण्याचा व्हीलबेस मोजा आणि २,४६४ मिलिमीटरला, म्हणजे खऱ्या ॲम्बेसेडरच्या व्हीलबेसला, त्याने भागा. जे उत्तर येईल ते तुमचं प्रमाण, आणि चाकांपासून नंबरप्लेटपर्यंत बाकी सगळं त्या प्रमाणात. डब्यावर काहीही छापलेलं असो.

किटपासून देशी गाडीकडे जाणारी सगळ्यात सोपी वाट जीपची आहे. युद्धकाळातल्या विलिस जीपचं इटालेरीचं १:२४ किट मिळतं. महिंद्रने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली ती प्रामुख्याने सीजे-३बी. दोघींचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे चोविसाव्या हिश्श्यात ८४.७ मिलिमीटर, त्यामुळे खालचा भाग बराचसा तसाच वापरता येतो. बदल वरचे. सीजे-३बी मध्ये उंच इंजिन बसवायला बॉनेट वर उचललेलं आहे, त्यामुळे तिचा चेहरा लांबट दिसतो. समोरच्या जाळीला नऊऐवजी सात खाचा, हेडलाइट मोठे, समोरची काच दोन तुकड्यांऐवजी अखंड, मागे उघडणारं फळकं, स्टेपनी बाजूला. प्लास्टिकच्या पातळ पत्रीचे तुकडे आणि एम-सील एवढ्यावर हे जमतं. ज्याने बीटल एकदा जुळवली त्याने दुसरं काम हे घ्यावं. यात चूक झाली तर ती शेजारपाजारच्या कुणालाही दाखवता येईल, कारण अशी जीप चालवलेली माणसं अजून गावोगाव आहेत.

फियाटला मात्र असा दाता नाही. तिची बॉडी मुळापासूनच घडवावी लागणार. लाकडाचा ठोकळा कोरून त्यावर तापवलेली प्लास्टिकची पत्री ओढणं ही जुनी पद्धत आहे. नवी पद्धत त्रिमितीय छपाईची. मोबाईलने गाडीभोवती फिरून शेकडो फोटो काढले की सॉफ्टवेअर त्यातून आकार उभा करतं. ऐकायला जादू, प्रत्यक्षात चकचकीत रंग आणि काच यांनी सॉफ्टवेअर गोंधळतं. धुळीने माखलेली गाडी धुतलेलीपेक्षा चांगली उतरते. एवढं करून मिळालेल्या आकाराला स्वतःचं माप नसतं. कुठलं तरी एक अंतर टेपने मोजून त्याला सांगावं लागतंच. पद्मिनीसाठी ते अंतर २,३४० मिलिमीटर व्हीलबेसचं, चोविसाव्या हिश्श्यात साडेसत्त्याण्णव. रेझिनमध्ये छापलेली बॉडी ठिसूळ असते, इथल्या उन्हाळ्यात वाकते, थरांच्या रेषा घासाव्या लागतात. छपाईने हातकाम संपत नाही, त्याची जागा बदलते.

आपल्याकडे नेटाने केलेल्या लघुप्रतिकृतींची परंपराच नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला पुण्याला पाठवावं. भाऊ जोशी यांनी घडवलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय तिथे १९९८ पासून लोकांना खुलं आहे. सिग्नल, सांधे, गावं, सगळं एकाच प्रमाणात आणि चालतं. जोशींची रेल्वे जमली त्याचं एक कारण असं की रेल्वे हे मोजमापांचं खातं आहे, रुळांच्या अंतरापासून पुढे सगळं कुठेतरी लिहिलेलं असतं. मोटारीचं तसं नाही. कंपन्यांच्या माहितीपत्रकात लांबी, रुंदी, उंची आणि व्हीलबेस मिळतो. बॉनेटचा उतार, मागच्या काचेची गोलाई, मडगार्ड दरवाजाला कुठे मिळतं, हे मिळत नाही. आणि नेमकी हीच मापं ठेवण ठरवतात. किटमधली छपरं उंच का निघतात याचंही उत्तर हेच आहे. साचा बनवणाऱ्याकडे फोटो होते, मापं नव्हती.

ही मापं घ्यायला लागणाऱ्या गाड्या आता वेगाने कमी होत आहेत. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होऊ लागली. सरकारी आवारांत उभ्या असलेल्या ॲम्बेसेडर आणि जीप त्यांतच गेल्या. पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. ती भरणारे हौशी मालक मुंबई-पुण्या-नागपुरात भेटतील. धानाच्या शेतावर निंबाखाली उभी असलेली फियाट त्या यादीत येत नाही. ती एक दिवस भंगारवाल्याच्या टेम्पोतून जाते.

म्हणून मोहाडी-तुमसरच्या वाचकांना, आणि ज्यांच्या वाड्यात, गोठ्यामागे, गॅरेजच्या कोपऱ्यात जुनी फियाट, ॲम्बेसेडर किंवा जीप उभी आहे त्या सगळ्यांना एक विनंती. ती विकण्याआधी एक सकाळ द्या. गाडी सपाट जमिनीवर घ्या, टायरमध्ये हवा भरा. बंपरचं टोक, काचेचा वरचा आणि खालचा काठ, छपराचा सर्वांत उंच बिंदू, दरवाजांच्या फटी, या प्रत्येकावरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करा, उंची वेगळी मोजा. व्हीलबेस दोन्ही बाजूंनी मोजा. अपघात झालेल्या गाडीत तो जुळत नाही. फोटो लांब उभं राहून, गाडीच्या अर्ध्या उंचीवरून, झूम करून काढा. जवळून काढलेल्या फोटोत बॉनेट फुगतं. समोर, मागे, दोन्ही बाजू, जमल्यास गच्चीवरून. गाडीचं वर्ष, मॉडेल आणि कुठले भाग नंतर बदलले ते लिहा, कारण ॲम्बेसेडरच्या मार्क टू, मार्क थ्री, नोव्हा यांच्या जाळ्या एकमेकींना सर्रास बसवलेल्या असतात. सगळं मिलिमीटरमध्ये, वहीत, तारखेसह. आणि त्या वहीची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा.